ओ आणि ओचं बी : खानापूर तालुक्यातल्या एका बाळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रेश्माचं माहेर चंदगड तालुक्यात, सासर खानापूर तालुक्यात. मधे दोन राज्यांची हद्द आहे, पण आमच्याकडे सोयरीक जुळवताना ती कुणी मोजत नाही. (नावं बदलली आहेत, गावं सांगत नाही, दोन्ही घरांना विचारूनच लिहिते आहे.) नवरा संतोष गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. एक शनिवार सोडून एक शनिवार चोर्ला घाटातून गाडी मारत घरी यायचा, सोमवारी पहाटे परत. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं. सासरे वारून चार वर्षं झालेली.

लग्नानंतर तीन वर्षांनी दिवस राहिले. नाव सासरच्या गावात आशाताईनं नोंदवलं, म्हणून हातात कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं नोंदकार्ड. सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी गेली. बाळंतपणाला माहेरच्यांनी बेळगावला आणलं; चंदगडकरांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. मुलगा झाला, पावणेतीन किलोचा. दुसऱ्या दिवशी तो पिवळा दिसायला लागला म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवला. आई ओ गटाची आणि बाळ बी गटाचं असलं की हे होऊ शकतं. आईच्या रक्तातली बी-विरोधी द्रव्यं वारेतून बाळाकडे जातात, त्याच्या थोड्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. बहुतेक बाळं दोनतीन दिवसांत सावरतात, तसं हेही सावरलं. घरी सोडताना कागदावर लिहून आलं : आई ओ पॉझिटिव्ह, बाळ बी पॉझिटिव्ह. त्या दोन ओळींचा अर्थ कुणी कुणाला समजावून सांगितला नाही.

अडचण

बाळंतविडा घेऊन सासरची माणसं चंदगडला गेली, त्यात संतोषच्या बहिणीचा मुलगा होता. तो बेळगावात लॅब टेक्निशियनचा कोर्स करतो. त्यानं सहज कागद चाळला आणि विचारलं, "मामा, तुझा ब्लड ग्रुप कुठला?" संतोषनं खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढून दाखवलं. ओ पॉझिटिव्ह. पोरगं तिथं काही बोललं नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये बोललं.

त्याला मी दोष देत नाही. ओ आणि ओ आईबापांना बी गटाचं मूल होत नाही, हेच त्याच्या पुस्तकात छापलेलं आहे. मीही शाळेत तेच शिकले.

बारसं लांबलं. आधी 'सोयर फिटू दे', मग 'संतोषला सुट्टी नाही', मग कारण देणंही बंद झालं. जन्माची नोंद दवाखान्यामार्फत महापालिकेत वेळेत झाली होती, बापाचं नावही लागलं होतं. बाळाच्या नावाचा रकाना तेवढा रिकामा. महिन्याभरानं सासरच्या आशाताईनं मला फोन केला. मी बेळगावात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते.

पहिल्या बैठकीला सासरची चार आणि माहेरची तीन माणसं आली. सासूबाईंच्या हातात कापडी पिशवीत गुंडाळलेलं तायी कार्ड. त्यांना अक्षरओळख नाही, मराठी नाही नि कन्नडही नाही. पण कार्ड उघडून बोट बरोबर 'रक्तद गुंपु'च्या, म्हणजे रक्तगटाच्या ओळीवर ठेवलं. कुणीतरी तिथं लाल पेनानं गोल काढलेला होता. "मी काय म्हणत नाही मॅडम," त्या म्हणाल्या, "खरं कार्डच सांगालंय की."

बाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. त्या दिवशी मात्र मला तो शब्द दोन्ही अर्थांनी ऐकू येत होता.

रेश्मा एक शब्द बोलली नाही. दीड महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसली होती. आणि इथं एक कबुली द्यायला हवी : मी कागद पाहिले, ओळखपत्र पाहिलं, आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. पुढचा तासभर मी जे बोलले ते 'चूक झाली असेल तर पुढं काय' अशा सुरात बोलले. रेश्माला तो सूर लगेच कळला. तिनं मला ते नंतर सांगितलं.

समोरचे पर्याय

थोरल्या दिरांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. फोनवर मागवलेलं डीएनए तपासणीचं किट. आत कापसाच्या लांब काड्या; गालाच्या आतून फिरवायच्या, पाकिटात घालून कुरियरनं पाठवायच्या. आईचा नमुना लागत नाही, तिला कळायचंही कारण नाही, असं लॅबवाल्यानं सांगितलं होतं. म्हणजे बाळ एकदा सासरी आलं असतं तर हे गुपचूप उरकलं असतं. नमुना कुणाचा, कुणी घेतला याचा पुरावा नसल्यामुळे असा अहवाल कोर्टात टिकणं अवघड. पण घरात टिकायला त्याला पुराव्याची गरज नसते.

दुसरा रस्ता कोर्टाचा. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि जुनं कलम ११२ आता कलम ११६ झालं, आशय तोच. लग्न टिकून असताना, किंवा मोडल्यावर आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच. हे खोडायचं तर त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवावं लागतं. संतोष तर पंधरवड्याला घरी येत होता. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं १९९३ साली पश्चिम बंगालमधल्या एका पोटगीच्या खटल्यात बजावलं की बाप ठरवायला रक्ताची तपासणी मागितली म्हणून उठसूट देता येणार नाही. २०२३ साली पुण्याच्या एका दांपत्याच्या घटस्फोटातही तेच झालं : नवराबायकोच्या भांडणात मुलाला ओढून त्याची डीएनए तपासणी करू दिली नाही. उलट बाजूही आहे. २०१४ साली विदर्भातल्या एका पोटगीच्या प्रकरणात तपासणी होऊन गेली होती, अहवाल 'नवरा बाप नाही' असा होता, आणि कोर्टानं कायद्याच्या गृहीतकापेक्षा शास्त्राचा पुरावा वरचा मानला. म्हणजे तपासणीचा दरवाजा कोर्ट सहजी उघडत नाही. पण उघडला तर आत जे दिसेल ते मागं घेता येत नाही.

तिसरा पर्याय दोघांच्या संमतीनं, ओळख पटवून, रीतसर प्रयोगशाळेत डीएनए तपासणी. माझा कल याच्याकडे होता. चौथा गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवला : देवळात कौल लावू. मी हसले नाही. कौल लावण्यात निदान बाळाच्या तोंडात कुणी काडी घालत नाही.

पाचवा पर्याय मला सुचलाच नव्हता. त्या रात्री एका निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञांना फोन केला, तो वेगळ्याच कामासाठी. बोलता बोलता गोष्ट निघाली. ते म्हणाले, "बाई, डीएनएच्या आधी त्या माणसाचा ग्रुप नीट तपासलाय का कुणी? ओळखपत्रावरचा ग्रुप म्हणजे कंपनीच्या शिबिरात काचपट्टीवर दोन थेंब टाकून बघितलेला." आणि थोडं थांबून, "बाप कुठला म्हणालात? नात्यातल्या लग्नाचा आहे का?"

आम्ही काय केलं

दुसऱ्या वेळी सगळ्यांना एकत्र बोलावलं नाही. आधी रेश्माला एकटीला, मग संतोषला. रेश्माला विचारलं, तुला काय हवं? ती म्हणाली, "टेस्ट करायची तर करा. खरं बाळाला हात लावायच्या आधी त्यांचं रक्त काढा. सगळी माझ्याकडंच बघालेत, त्यांच्याकडं कुणीच बघत नाही." तंत्रज्ञ जे सांगत होते तेच ती तिच्या शब्दांत सांगत होती.

संतोषला ते पटवायला पाऊण तास लागला. त्याच्या दृष्टीनं त्याचा रक्तगट हा आधार नंबरासारखा होता, कार्डावर छापलेला. शेवटी नवराबायको दोघांचंही रक्त बेळगावातल्या एका रक्तपेढीत नव्यानं तपासायचं ठरलं. किटचं पाकीट तोवर माझ्याकडे राहील, अशी अट मी घातली. दीर नाराज झाले, पण त्यांनी ते ठेवलं.

रेश्माची तपासणी दहा मिनिटांत झाली : ओ, कार्डावर होतं तेच. संतोषची पहिली पायरीही तशीच. ए-विरोधी द्रव घातला, गुठळी नाही. बी-विरोधी घातला, गुठळी नाही. काचपट्टीवर काम थांबलं असतं तर पुन्हा 'ओ' लिहून मोकळे. पण रक्तपेढीत उलटी बाजूही तपासतात : माणसाच्या रक्तातला पिवळट द्रव घेऊन त्यात ए, बी आणि ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशी घालतात. ओ गटाच्या माणसाचा द्रव ए आणि बी पेशींच्या गुठळ्या करतो, ओ पेशींना काही करत नाही. संतोषच्या तिसऱ्या नळीत ओ पेशींचीही गुठळी झाली. तंत्रज्ञ मुलीनं नळी उजेडाकडे धरून हलवली; तळाची लाल गोळी विरघळेना, अख्खीच्या अख्खी हलत राहिली. तिनं नवीन नळी घेऊन पुन्हा केलं. मग आतून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. पुढं एच-विरोधी द्रवानं खात्री केली. त्यालाही संतोषच्या पेशी दाद देईनात.

संतोष बॉम्बे गटाचा निघाला. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा जगापुढं आणला तो हा गट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. निवृत्त तंत्रज्ञांनी तो सासूबाईंना असा समजावला : गणपती बसवायला चौरंग लागतो. ए आणि बी या पेशीवर बसणाऱ्या मूर्ती, आणि एच हा त्यांचा चौरंग. संतोषकडे बापाकडून आलेली बीची मूर्ती आहे, पण चौरंगच नाही, म्हणून ती बसलेली दिसत नाही आणि वरवर बघणारा म्हणतो ओ. बाळाला मूर्ती बापाकडून मिळाली, चौरंग आईकडून मिळाला. बसला गणपती. बाळ बी.

चौरंग नसायला आईबाप दोघांकडूनही तो बिघडलेला जनुक यावा लागतो, आणि नात्यातल्या लग्नात अशी गाठ पडायची शक्यता वाढते. सासूबाईंचं लग्न त्यांच्या आत्याच्या मुलाशी झालेलं. हे त्यांना कसं सांगायचं, हा या प्रकरणातला मला सगळ्यात अवघड वाटलेला निर्णय. महिनाभर ज्या बोटानं सुनेकडे दाखवलं ते आता त्यांच्याकडे वळवणं सोपं होतं, आणि माहेरची दोनजणं त्यासाठी टपलेलीच होती. मी तंत्रज्ञांना विनंती केली की नात्यातल्या लग्नाचा विषय चारचौघांत काढू नका. सासूबाईंना एकट्यानं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, "म्हणजे त्येच्या बापाचंच हाय म्हणा की सगळं?" मी म्हटलं, दोघांचंही. त्या परत गप्प.

सगळ्याच बाळांची तपासणी करावी का

थोरले दीर हट्टी आहेत, मूर्ख नाहीत. त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली : बॉम्बे गट निघाला म्हणजे मूल संतोषचं असू शकतं एवढंच सिद्ध झालं, आहेच असं नाही. हे बरोबर आहे. दुसरी : "सरकारनं जन्मल्या जन्मल्या सगळ्याच पोरांची डीएनए टेस्ट सक्तीची करावी. मग कुणी कुणावर संशय घेतला असं होत नाही. लसीसारखं. कुणाच्या बायकोला वाईट वाटायचं कारणच नाही."

या दुसऱ्या मुद्द्यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण या घरापुरता तो खरा ठरला असता. बाळ तीन दिवसांचं असताना अहवाल आला असता की बाप संतोषच, तर तायी कार्डावरचा लाल गोल कुणी काढला नसता. रेश्माचे तीन महिने वाचले असते.

मग मी आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातल्या रात्रीची आठवण काढते. एका खाटेवर दोघी, नळ्यांवर घाईत लिहिलेली नावं, तीन 'लक्ष्मी' आणि दोन 'रेणुका'. भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. हजारात एक नमुना अदलाबदल झाला असं नुसतं धरून चाललं, तरी वर्षाला वीस हजारांवर घरांत खोटा अहवाल जाईल. बरं, यंत्र अचूक असलं तरी निसर्ग नसतो : बापाकडून मुलाकडे जाताना डीएनएतली एखादी खूण क्वचित बदलते, म्हणून चांगल्या प्रयोगशाळा एका खुणेच्या फरकावरून 'बाप नाही' म्हणत नाहीत. हे कळणारा माणूस प्रयोगशाळेत असतो. टाके पडलेल्या बाईच्या खाटेशी अहवाल वाचणारा तो माणूस नसतो. तिथं संतोषचे भाऊ असतात.

आणि सक्ती म्हटलं की अपवाद कुणाला? दात्याच्या बीजानं झालेलं मूल २०२१ च्या प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यानं त्या जोडप्याचंच मानलं आहे. सक्तीची तपासणी ते गुपित सासूसमोर उघडं करील. बाप आखातात असेल, सीमेवर असेल, वारलेला असेल, तर नमुना कुणाचा? ज्या मुलीनं बापाचं नाव सांगायचंच नाही असं ठरवलंय तिचं काय? फ्रान्समध्ये तर कोर्टाच्या आदेशाशिवाय अशी खाजगी तपासणी करणंच गुन्हा आहे. आपण दुसऱ्या टोकाला जाऊन सगळ्यांवर लादायची म्हणतोय. युरोपातल्या वंशावळींच्या अभ्यासात भलताच बाप निघण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं आहे. म्हणजे बाकीच्या नव्व्याण्णव घरांतल्या बायकांनी दर बाळंतपणात स्वतःला निर्दोष सिद्ध करायचं. लसीत आणि यात फरक हा, की लस कुणावर आरोप करत नाही. सगळ्यांवर एकदमच आरोप केला तर तो आरोप राहत नाही, असं दिरांचं म्हणणं होतं. मला ते पटलं नाही. त्यांना माझं पटलं नाही.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर संतोषनं दिलं. रेश्मा म्हणाली होती, अजून पाहिजे असेल तर डीएनए करा, मी सही करते. खरं अहवाल आल्यावर मी तुमच्या घरात राहायची नाही, तो काहीही येवो. संतोषनं विचार करायला दोन दिवस मागितले आणि दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितलं, नको. भावाला विचारलं का, म्हणून मी विचारलं. "विचारलं नाही. सांगितलं."

वेगळं काय करता आलं असतं

दवाखान्यानं घरी सोडताना दोन वाक्यं बोलायला हवी होती : कावीळ का झाली, आणि कार्डावरच्या गटावरून बाप ठरवता येत नाही. भाच्याच्या कोर्समध्ये बॉम्बे गट शिकवतात. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात तो आहे, पोरगं तेव्हा पहिल्या वर्षात होतं.

मी पहिल्या दिवशी सात माणसं एका खोलीत बसवली, ही ढोबळ चूक. बाळंतिणीला सगळ्यांसमोर बोलतं करायचा प्रयत्न केला, ही त्याहून मोठी. रीतसर डीएनएकडे माझा जो कल होता तोही घाईचा होता. निकाल 'बाप संतोषच' असा आला असता, घर शांत झालं असतं, आणि तो बॉम्बे गटाचा आहे हे कुणालाच कळलं नसतं. अशा माणसाला ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच; ओ पेशींवर मूर्ती नसली तरी चौरंग असतो, आणि त्याचं रक्त त्या चौरंगावरच उठतं. क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी आधी जुळवून बघताना, ते सापडतं; पण चोर्ला घाटात अपघात होऊन कुणी घाईत क्रॉसमॅच न करता ओची पिशवी लावली असती तर त्याच्या जिवावर बेतलं असतं.

आता मी अशा घरांत पहिला प्रश्न हा विचारते : नवऱ्याचा गट कुठं, कधी, कुणी तपासला? आणि तो प्रश्न नवऱ्यालाच विचारते.

सध्या

बारसं चंदगडला झालं, बाळ साडेतीन महिन्यांचं असताना. सासूबाई आल्या, पाळण्याची दोरी ओढली, जेवायला थांबल्या नाहीत. रेश्मा खानापूरला परत गेली नाही. संतोषनं वेर्ण्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली आहे. महापालिकेतून नावाचा दाखला मिळाला. बॉम्बे गटाच्या दात्यांच्या यादीत संतोषचं नाव गेलंय, एकदा रक्त द्यायला बोलावणंही आलं होतं.

सख्ख्या भावंडांत हा गट निघायची शक्यता चारात एक, म्हणून बहीण आणि थोरल्या भावानंही रक्त तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. बहीण आली, तिचा बी निघाला. दीर म्हणाले, सुगी झाली की बघू. भात कापून, मळून, घरात येऊन पडलंय. परवा आशाताईनं पुन्हा आठवण केली तेव्हा म्हणाले, माझ्या कार्डावर लिवलंय की, ओ पॉझिटिव्ह.